कोटाचं आठवं बटण

जुन्या बटणांचं शहाणपण मला वडिलांनी शिकवलं, आणि त्या शहाणपणाच्या जोरावर मी तालुक्याच्या कचेरीत माझ्याच पणजोबांना खोटं पाडलं. आमच्या वाडीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. माझ्यासमोर कोणी विषय काढत नाही, एवढंच. कोणाच्या घरी गेले की पाणी देतात, गुडघ्यांची चौकशी करतात. म्हणून म्हटलं, मीच सांगून टाकावं.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा मुंबईत युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात होते. गोदीतले रखवालदार, हॉटेलांचे दरवान, बँडवाले, रेल्वेवाले, सगळ्यांचे कोट तिथं शिवले जात आणि दुरुस्तीलाही येत. आबांचं काम शेवटचं, बटणं लावायचं. जुन्या कोटांवरून उतरवलेली बटणं मुकादम कचऱ्यात टाकायचा आणि आबा ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. नोकरी संपली तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं ते रेवसला उतरले ते एका हातात वळकटी आणि दुसऱ्या हातात तो डबा घेऊन. आई म्हणाली, "जल्मभर मुंबयला र्‍हायलांव नि ह्ये आनलांव?" डबा मात्र माळ्यावर न जाता आबांच्या उशाशी गेला.

मी तेव्हा म्हसळ्याकडच्या एका शाळेत नुकती शिक्षिका झाले होते. सुट्टीत घरी आले की आबा बटणं सुपात ओतायचे आणि माझी परीक्षा घ्यायचे. "चेहऱ्यावर भुलू नको, पाठ बघ," हा पहिला धडा. पाठीला दोरा ओवायची कडी असते. बटण एकाच सपाट पत्र्याचं आणि कडी नुसती डाग देऊन चिकटवलेली असेल, तर ते फार जुनं, कंपनी सरकारच्या वेळचं. पुढचा पत्रा फुगीर आणि त्याची कड मागच्या पत्र्यावर दुमडलेली असेल, तर त्यानंतरचं. कडीभोवती इंग्रजी अक्षरं गोल फिरत असतील तर तो बनवणाऱ्याचा शिक्का. तो लागला की निम्मं काम झालं. मुकुट असला तर त्याचे खांदे बघायचे. राणीच्या मुकुटाचे खांदे बसके, नंतरच्या राजांच्या मुकुटाचे फुगीर. आणि तीन सिंह दिसले की आपलं राज्य आलं. बटण घासायचं नाही, चिंच तर लावायचीच नाही. माती निघत नसेल तर बांबूच्या काडीनं हळूहळू टोकरायची.

शेवटचा धडा ते दर खेपेला द्यायचे. "बटन कधी झालं ते बटन सांगतं. कोनाच्या छातीवर व्हतं ते न्हाय सांगत."

यामागं कारण होतं. आमच्या भागातली मुंबईत काम करणारी माणसं गावी येताना जुन्या बाजारातून कोट आणायची. कोणाच्या अंगावर कुठला कोट येईल याचा नेम नसे. माझा एक काका बँडवाल्याचा लाल कोट घालून गवत कापायला जायचा, खांद्यावर सोनेरी झालर आणि हातात विळा. तेव्हा शेतात एखादं साहेबी बटण सापडलं म्हणून तिथं साहेब आला होता असं होत नाही. आबांचा हा धडा मला इतका पटला की मी तो गाठीला बांधून ठेवला. फार घट्ट बांधला.

डब्यातल्या बटणांना चिंच लावायची नाही, पण आमच्या घरात डब्याबाहेरचं एक बटण होतं आणि त्यावर आईची सत्ता होती. ते ट्रंकेच्या चावीला दोऱ्यानं बांधलेलं असायचं, चावी हरवू नये म्हणून. दर बुद्धपौर्णिमेला घरातल्या पितळी भांड्यांबरोबर आई तेही चिंच आणि राख लावून लख्ख घासायची. घासून घासून त्याचा चेहरा पार पुसला होता. अंगठा फिरवला तर कुठंतरी मधे थोडा उंचवटा लागायचा.

ते बटण पणजोबांच्या कोटाचं. पणजोबा पलटणीत शिपाई होते. पुढे सरकारनं आमच्या माणसांची भरतीच बंद करून टाकली, पण ते त्याआधी लागलेले, म्हणून पेन्शन घेऊन घरी आले. कोट घेऊन आले. त्या काळी गावात आमच्या माणसानं नवं धोतर नेसलं तरी लोकांच्या पोटात दुखायचं, तिथं हे आठ बटणांचा कोट घालून चावडीसमोरून जायचे, असं आजीनं आबांना सांगितलं होतं. ते वारले तेव्हा त्यांना कोटासकट पुरलं. आमच्यात तेव्हा पुरायचे. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर वाडीनं दहन सुरू केलं, त्याआधीची सगळी माणसं खाडीवरच्या माळावर आहेत.

माती लोटायच्या आधी पणजी खाली उतरली आणि विळ्यानं कोटाचं गळ्याजवळचं बटण कापून घेतलं. लोक म्हणाले, हे काय करतेस. ती म्हणाली, "कोट पुरा न्हाय ठेवायचा. पुरा ठेवला तर उकरून नेतील." आमच्या माणसाच्या अंगावरचा चांगला कोट जमिनीतसुद्धा सुखानं राहणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मढ्याच्या उशाशी जांभ्याचा एक धोंडा उभा केला. पणजोबांना पलटणीत अक्षरओळख झाली होती, पण धोंड्यावर नाव कोरायला गवंडी आमच्याकडे येत नसे.

हे सगळं मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं माझी कीव करायची इच्छा कोणाला होऊ नये.

मी निवृत्त झाले. निवृत्त मास्तरणीला लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून छापण्यापलीकडे कोणी काही विचारत नाही. अशात काशीदला घरगुती खानावळ चालवणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं फोन केला. तिच्याकडे पनवेलचा एक इंजिनिअर दर शनिवारी-रविवारी उतरायचा. त्याच्याकडे जमिनीतला धातू शोधायचं यंत्र होतं. लांब दांडा, टोकाला ताटलीएवढं चक्र, कानाला हेडफोन. भरती ओसरली की तो किनाऱ्यावर ते फिरवत जायचा आणि आवाज आला की खणायचा. बाटल्यांची झाकणं निघायची, तंबूच्या खुंट्या निघायच्या, कधी नाणी आणि कधी बटणं. विद्यार्थिनीनं त्याला सांगितलं, आमच्या बाईंना बटणांतलं कळतं.

तेव्हापासून माझ्या मोबाइलवर त्याचे फोटो यायला लागले. "मॅडम, हे किती जुनं?" मी म्हणायची, पाठ दाखवा. तो पाठ दाखवायचा. मी सांगायची. त्यांचा वीस-पंचवीस जणांचा ग्रुप होता, माझं उत्तर तो तिकडे टाकायचा, बिननावाचं. मला त्याचंही काही वाटत नव्हतं. कोणीतरी विचारतंय, हेच पुष्कळ होतं. खरं सांगायचं तर मला चटकच लागली होती. सकाळी उठून आधी चहा नाही, आधी मोबाइल.

त्या लोकांचा एक नियम होता. वस्तू कुठं सापडली ते कोणी कोणाला सांगायचं नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "लोकेशन नाही सांगत हां मॅडम, आमच्यात रूल आहे." मी पुन्हा विचारलं नाही. आणि माझाही एक नियम झाला होता. उत्तराच्या शेवटी आबांचा धडा माझ्या शब्दांत लिहायचा, की कोकणात असे कोट जुन्या बाजारातून येत, तेव्हा बटणावरून माणूस ठरवू नये. दर वेळी तेच वाक्य. नंतर नंतर तर ते मोबाइलच आपणहून सुचवायला लागला.

मागच्या वर्षी मे महिन्यात एका सकाळी त्यानं सात बटणांचा फोटो पाठवला. हिरव्या टॉवेलवर ओळीनं मांडलेली, धुतलेली, हिरवा गंज चढलेला तरी चेहरे स्पष्ट. मधे पलटणीचा आकडा, वर मुकुट, खांदे बसके. "सेट आहे मॅडम! सात मिळाली. आठवं नाही मिळालं." शेजारी हळदीचा कार्यक्रम होता, मी साडीच्या निऱ्या घालत होते आणि दोन पिना तोंडात होत्या. चेहरे इतके स्वच्छ होते की पाठ मागायची मला गरज वाटली नाही. मी एका हातानं लिहिलं, राणीच्या काळातली आहेत, पलटणीतल्या शिपायाच्या कोटाची. मग नेहमीचं वाक्य. आणि त्या दिवशी अंगात मस्ती होती म्हणून पुढं आणखी एक ओळ, "एखाद्या गड्यानं जुन्या बाजारातला कोट घालून बकऱ्या राखल्या असतील आणि ऐट केली असेल!" शेवटी हसरा चेहरा. आठव्याबद्दल लिहिलं, "पडलं असेल कुठंतरी."

मग मी ट्रंक उघडून गळ्यातलं काढलं, ट्रंक बंद केली आणि चावी कमरेला खोवली. आठवं माझ्या कमरेला होतं.

पंधरा दिवसांनी चुलत भाऊ घरी आला. वाडीचं कुठलंही काम त्याच्याच डोक्यावर असतं. म्हणाला, "ताय, मालावर यंत्र फिरवलानी. आता पलाट पाडनार हायत." खाडीवरचा माळ सातबाऱ्यावर पूर्वीच्या खोतांच्या घराण्याच्या नावावर आहे. आमच्या माणसांनी तो कधी मागितला नव्हता, कारण मेलेल्यांना जमीन नावावर लागत नाही असा आमचा समज होता. उशाशी लावलेले धोंडे त्यांच्याच गड्यांनी कधीचेच उचलून कुंपणाच्या गडग्यांना वापरले होते. आता तिथं मुंबईकरांसाठी बंगले होणार होते, आणि खणायच्या आधी काही मौल्यवान निघतंय का हे बघायला मालकांनी एका यंत्रवाल्याला बोलावलं होतं.

"कुठला यंत्रवाला?" मी विचारलं. तो म्हणाला, पनवेलचा.

मी तिथल्या तिथं फोन लावला. आधी त्यानं रूल सांगितला. मग मी शाळेतला आवाज काढला तेव्हा कबूल झाला. सातही बटणं माळावरची. एका खड्ड्यातली. "लाइनीत होती मॅडम, चार-चार बोटांवर, एकाखाली एक. भारी वाटलं आम्हाला."

एकाखाली एक. बाजारातल्या कोटाचं बटण तुटून पडतं ते एकटं पडतं. सात बटणं चार-चार बोटांवर एका रेषेत असली म्हणजे तिथं बंद केलेला कोट आहे आणि कोटाच्या आत माणूस आहे. हे कळायला माझ्या आबांचं शहाणपण लागत नाही, कोणालाही कळलं असतं. मी फक्त विचारलं नव्हतं. मी म्हटलं, हाडं होती? तो म्हणाला, नव्हती. नसणारच. आमच्या जांभ्याच्या मातीत शंभर वर्षांत हाड उरत नाही. पितळ उरतं.

मी म्हटलं, पाठी पाठवा. पाठी आल्या. कडीभोवती शिक्का, आणि शिक्क्यातल्या शेवटच्या अक्षराचा एक पाय ठशातच तुटलेला, सातही बटणांवर तसाच. मी कमरेची चावी काढली आणि बटण उलटं केलं. चिंच आणि राख फक्त चेहऱ्याला लागली होती, पाठीला आईनं कधी हात लावला नव्हता. तेच अक्षर, तोच पाय तुटलेला. आबांनी मला हजार बटणांच्या पाठी दाखवल्या. या एकाची पाठ आम्ही दोघांनीही कधी बघितली नव्हती, कारण ते चावीला होतं आणि ते कोणाचं आहे हे आम्हाला माहीत होतं.

भाऊ समोर बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. बकऱ्यांची ओळ मी त्याला सांगितली नाही. त्याचा चेहरा उजळला होता. म्हणाला, "म्हंजी पुरावा हाय आपल्याकडं!" मला वाटलं, ती ओळ कोण बघणार आहे.

वाडीनं हरकतीचा अर्ज केला. माळ स्मशानाचा आहे, आमची माणसं तिथं आहेत, तो सोडावा. सुनावणीची तारीख लागली. मी यंत्रवाल्याला म्हटलं, सात बटणं घेऊन या आणि ती रांगेत होती एवढंच सांगा. तो घाबरला. "मॅडम, मी परमिशनशिवाय मशीन मारतो. मला कुठं कचेरीत उभं करता?" बटणं त्यानं मालकांना देऊन टाकली होती. त्यानं त्यांना आणखी काय दिलं ते मला त्या दिवशी कळलं नाही.

सुनावणीला वाडीतली तीस-एक माणसं आली होती. बायका इस्त्रीच्या साड्या नेसून आल्या होत्या. बाहेरच्या चिंचेखाली एका म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "शिकलीस ती आज कामी आली गो बाय." मी चावी आणि बटण रुमालात बांधून नेलं होतं. भिंग नेलं होतं. पाठींचे फोटो मोठे करून छापून नेले होते. मी अधिकाऱ्यांना सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं, सातवीच्या वर्गाला सांगावं तसं. साहेब चांगले होते, लक्ष देऊन ऐकत होते. भिंग डोळ्याला लावून त्यांनी तुटलेला पाय बघितलासुद्धा.

मग मालकांच्या वकिलांनी एक कागद पुढं केला. माझ्या मेसेजची छापील प्रत होती. वर माझा नंबर, खाली माझे शब्द, शेवटी हसरा चेहरा. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. घाई न करता वाचला. गड्यापाशी आले, बकऱ्यांपाशी आले, ऐट केली असेलपर्यंत आले. मागे कोणीतरी हसलं. आमच्यापैकी नव्हतं, पण हसलं.

"हे तुम्ही लिहिलंय, बाई?" साहेबांनी विचारलं.

"होय."

"मग आज वेगळं कसं सांगता?"

मी म्हटलं, तेव्हा जागा माहीत नव्हती. बटणं रांगेत होती हे माहीत नव्हतं. साहेब म्हणाले, "रांगेत होती हे तुम्ही स्वतः पाहिलंत?" मी म्हटलं, नाही. मी रुमालातलं बटण पुन्हा पुढं केलं. तेव्हा वकील म्हणाले, "साहेब, हे यांच्या घरातलं बटण आहे, मान्य. पण याच लिहितात की बटणावरून माणूस ठरवू नये. यांच्या घरातला कोटही जुन्या बाजारातला नसेल कशावरून?"

मी बटण पुन्हा रुमालात गुंडाळलं. तो माझाच प्रश्न होता. एवढी वर्षं मी तो दुसऱ्यांच्या बटणांना विचारत आले होते आणि आज तो आमच्या ट्रंकेच्या चावीला विचारला गेला. पणजोबा खरंच शिपाई होते याचा आमच्याकडे कागद नाही. पेन्शनचा कागद वाळवीनं खाल्ला. आमच्याकडे फक्त आजीनं सांगितलेलं आहे, आणि आजीनं सांगितलेलं चालत नाही हे मीच शिकवत होते.

बाहेर आल्यावर भाऊ चिंचेखाली माझी वाट बघत उभा होता. रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "ताय, बकऱ्या राखल्या तरी कोट त्यांचाच व्हता ना गो?" मी मान हलवली. मला रडू आलं नाही, याचीही लाज वाटली. आयुष्यभर मुलांना म्हणत आले, विचार करून लिहा.

निकाल आमच्या विरुद्ध गेला. पावसाळा संपल्यावर माळावर जेसीबी आला. मी बघायला गेले नाही. भाऊ गेला होता, रोज जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. काही निघालं का हे मी त्याला विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. वाडीनं वरच्या न्यायालयात जायचं ठरवलंय. त्या कागदांवर माझी सही नको, असं त्यांनी फार सौम्यपणे कळवलं. बरोबरच केलं त्यांनी.

यंत्रवाल्याचे फोटो अजून येतात. मी उघडत नाही. आबांचा डबा मी माळ्यावर टाकला आहे.

गेल्या आठवड्यात मात्र त्यानं थेट फोन केला आणि मी चुकून उचलला. आवाजात तोच उत्साह. बंगल्यांच्या कामावरच्या कार्यालयात सात बटणं काचेच्या फ्रेममध्ये लावली आहेत म्हणे, खाली मखमल, वर छोटा दिवा. जागा बघायला येणाऱ्यांना फार आवडतात. खाली पाटीवर माझ्या मेसेजमधलीच माहिती आहे, राणीचा काळ, पलटणीचा शिपाई. बकऱ्यांची ओळ तेवढी गाळली आहे.

"आठव्याची जागा रिकामी ठेवलीय मॅडम," तो म्हणाला. "जरा विचित्र दिसतं. तुमच्याकडचं दिलंत तर सेट कम्प्लीट होईल. आणि पाटीवर तुमचं नाव टाकू, मी बोलून घेतलंय."

चावी हातातच होती. मी बटणाच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. उंचवटा लागला.

"नाही," मी म्हटलं.

"का पण मॅडम?"

"आमच्यात कोट पुरा ठेवत नाहीत."